जाज्जाची सुरी

आमच्या आजीला, जाज्जाला, सगळं क्योतेरा गाव नालोंगो म्हणायचं. नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. त्या जुळ्यांतली धाकटी नाकातो, ती माझी आई. बसथांब्यामागे जाज्जाची खानावळ होती. सकाळी ती कच्च्या केळ्यांचा ढीग घेऊन बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत सोलत राहायची. सुरीकडे बघायचीसुद्धा नाही. मग ती केळी पानांत गुंडाळून वाफवायची. त्या केळ्यांवर तिनं पोरं वाढवली आणि आम्हा नातवंडांच्या शाळेचा खर्चही केला.

गुंडाळायला तिनं मला शिकवलं. माझी पुरचुंडी सुटली की डोक्यात टपली बसलीच.

"नवऱ्याला कच्चं खायला घालशील, वेंधळे!"

"मग तूच चल माझ्याबरोबर सासरी."

"येते की. आधी नवरा तर शोध!"

नवरा मिळाला, मी कंपालाला गेले. गेल्या नाताळला येते म्हणाले होते. सुट्टी होती, पैसे होते, नुसता कंटाळा केला. फेब्रुवारीत जाज्जा गेली. हे मी कुणापाशी बोलले नाही, पण रोज टोचायचं.

आठ महिन्यांनी दुखवटा काढायचं ठरलं. त्या दिवशी गेलेल्या माणसाचा वारस बसवतात आणि मग त्यालाच त्या माणसाच्या नात्यानं हाक मारायची. बाईचा वारस तिच्या माहेरच्या कुळातला लागतो, त्यामुळे आई आणि मी दोघी बाद. वडीलधाऱ्यांनी जाज्जाच्या भावाची नात निवडली. नास्सुना, वय वर्षं एकोणीस. माझं डोकंच फिरलं.

"हिला केळं सोलता येत नाही. हिला मी जाज्जा म्हणू?"

"तोंड आवर," आई म्हणाली. "तुझ्यासाठी स्वयंपाकीण नाही नेमत आहेत."

सकाळी अंगणात नास्सुनाला झाडाच्या सालीचं कापड पांघरलं. एका हातात टोपली दिली, दुसऱ्यात जाज्जाची सुरी. अडुसष्ट वर्षांची माझी आई पुढं झाली आणि तिच्यासमोर गुडघे टेकून बसली.

"आई, बरी आहेस ना?"

आठ महिन्यांत 'आई' हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. नास्सुना गांगरली, मग हळूच म्हणाली, "बरी आहे, नाकातो. ऊठ बाई, गुडघे दुखतील तुझे." आई तिथंच ढसाढसा रडली.

मग माझी पाळी. पटकन नमस्कार करायचा आणि उठायचं, असं ठरवून मी गुडघे टेकले. पण तोंडून भलतंच निघालं.

"जाज्जा, नाताळला सुट्टी होती मला. तरी आले नाही मी."



"आलीस ना आता," नास्सुना म्हणाली. मग खाली वाकून अगदी बारीक आवाजात, "एवढ्या लोकांचं जेवण व्हायचंय. ही सुरी धरायची कशी, तेवढं दाखवशील?"

आम्ही दोघी केळ्यांच्या ढिगापाशी बसलो. सोलणं कसंबसं जमलं, पण तिची पहिली पुरचुंडी हातातच सुटली आणि केळी मातीत गेली. सवयीनं माझा हात टपलीसाठी वर गेला आणि तसाच थांबला. जाज्जाला टपली कशी मारणार!