हाडातला आवाज

फिटरचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. रात्रपाळी कागद बनवायचं यंत्र बंद करायच्या आत त्याला फिरत्या रोलरांची बेअरिंगं तपासायची असत. साधन एकच, हातभर लांब पोलादी सळई. एक टोक बेअरिंगच्या कवचावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर. चांगलं बेअरिंग गुणगुणतं. बिघडू लागलेलं खडे चघळतं. भोवती कितीही दणदणाट असो, सळईतून आलेला आवाज थेट हाडात उतरतो. कान झाकायला दिलेल्या टोप्या त्यानं कधी घातल्या नाहीत. भित्र्यांचं काम, म्हणायचा.

घरी बायको म्हणे, "अहो, मी इथेच बसलेय. पलीकडच्या गल्लीत नाही."

"हळूच तर बोललो."

"कान दाखवा एकदा कुणाला तरी."

"माझे कान? या कानांवर कारखाना चालतो!"

ते खोटं नव्हतं. निवृत्ती तोंडावर आली तरी सळई त्याला फसवत नव्हती. म्हणूनच तो फसला होता.

मुलगी परगावी राहायची. फिटर निवृत्त झाला की तिनं कामावर जायचं आणि चार वर्षांच्या नातीला आजी-आजोबांनी तिकडे जाऊन सांभाळायचं, असं ठरत होतं. अडचण एकच होती. आजोबांनी तोंड उघडलं की नात आईच्या मागे दडायची. मुलगी स्पष्टच बोलली, "बाबा, ती अशीच बिचकत राहिली तर मला पाळणाघर बघावं लागेल. रोज एक गोष्ट सांगून मोबाईलवर पाठवा. सवय होईल तिला."

फिटरनं सशाची गोष्ट सांगितली. जीव ओतून सांगितली. बायको शेजारी बसून भाजी निवडत होती.

थोड्या वेळानं मुलीचा फोन आला. हसू दाबत म्हणाली, "बाबा, ती विचारतेय, सशानं काय केलं? आजोबा त्याला का ओरडतायत?"

फिटरला हसू आलं नाही. फोन ठेवून त्यानं पाठवलेली गोष्ट लावली आणि मोबाईल कानाशी धरला. कुणीतरी पत्रा ठोकत होतं. पातळ, कर्कश, तुटक आवाज. त्याला ऐकवेना.

"हा मी नाही. मोबाईल बिघडलाय."

बायकोनं आवाज पूर्ण वाढवला. ससा पळत होता आणि मधेच तिचा आवाज आला, "अहो, हळू." पुढे पुन्हा, "हळू हो, लेकरू आहे ते."

"हे कधी म्हणालीस?"

"तुमच्या मांडीला मांडी लावून."

"तुझा आवाज बरोबर येतोय यात."

"मग मोबाईल फक्त तुमच्यावरच रुसलाय होय?"

फिटर उठला. कोपऱ्यात ठेवलेली कामावरची सळई घेतली. एक टोक हनुवटीवर, दुसरं कानामागे, आणि बोलला. भरदार, खालच्या पट्टीतला आवाज. हाच तर तो ओळखत होता! मग त्याला कळलं. आपला आवाज आपल्याला बाहेरून येतोच, शिवाय कवटीतून, हाडातूनही येतो. मोबाईलला हाड नाही. मुलीला, बायकोला, नातीलाही त्याचं हाड मिळालं नव्हतं. त्यांच्या वाट्याला जन्मभर हा पत्राच आला होता.

पण तेवढ्यानं भागत नव्हतं. आवाज परका का वाटला ते हाडानं सांगितलं. एवढा मोठा का होता, ते नाही. शेजारी बसलेल्या बायकोचं बोलणं ऐकू आलं नव्हतं, हा बिघाड वेगळा. सळईतून हाडाला मिळणारा कंप जोरकस, खालच्या पट्टीतला होता, म्हणून कान शाबूत आहेत असं तो धरून चालला होता. हवेतून येणारं हळू, बारीक बोलणं मात्र कधीच गळून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून म्हणाला, "चल, कान दाखवू."

वर्षभराच्या जादा पाळ्यांचे पैसे त्यानं घरात बसवायच्या छोट्या लेथसाठी, धातू कातायच्या यंत्रासाठी, बाजूला ठेवले होते. लेथ आला नाही.

सशाची गोष्ट त्यानं नव्यानं सांगितली. या वेळी स्वतःचाच आवाज त्याला इतका मोठा वाटला की तो आपोआप खाली उतरला. मग ती ऐकली. आवाज अजून परकाच होता, अंगावर शहारा आलाच. तरी शेवटपर्यंत ऐकली आणि पाठवली.

फोन आला तो नातीचाच. "आजोबा, मग ससा घरी गेला?"

बारीकसा आवाज, पण शब्द न् शब्द कळला. जादा पाळ्यांच्या पैशांतून घेतलेली कानयंत्रांची जोडी त्याच्या कानांत होती.