वहिनींची खुर्ची

लढाईत नवरा गेला तेव्हा ती ऐन विशीत होती, आणि त्याच आठवड्यात ती सगळ्या गावाची वहिनी झाली. भाजीवाला वहिनी म्हणू लागला, पोस्टमन म्हणू लागला, तिच्या वडिलांच्या वयाचे मुख्याध्यापकही म्हणू लागले. गावाने त्याला भाऊ मानलं होतं, मग त्याची बायको वहिनीच. ऐकायला बरं वाटायचं. पण हळूहळू तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नाही. घरात सासूबाईसुद्धा "अगं ए" म्हणून काम भागवायच्या.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्यातही तो सुटीवर आला तेवढाच संसार. नवऱ्याबद्दल तिला माहीत होतं ते एवढंच, की तो झोपेत दात खायचा, दुधावर साय दिसली की तोंड फिरवायचा, गाताना सूर सोडून कुठेही भटकायचा आणि हसला की पुढचा वाकडा दात हाताने झाकायचा. शवपेटी आली ती बंद. उघडायची नाही असा वरून हुकूम होता. अधिकारी कागदांवर सह्या घेत होते तेव्हा सासूबाईंनी पेटीच्या झाकणाला कान लावला. तिने ते पाहिलं आणि कधी कोणाला सांगितलं नाही.

वर्षाच्या आत चौकात पुतळा उभा राहिला. पडदा सरकला तेव्हा तिने मान वर केली. छाती रुंद, जबडा करारी, ओठांवर भरघोस मिशी. तिच्या नवऱ्याला मिशी फुटायची म्हणजे चार केस यायचे, आणि तेही तो लाजून काढून टाकायचा.

सासूबाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "हा कोण गं?"

"आपलाच आहे, आई."

"असेल बाई," म्हातारी म्हणाली आणि पायांतल्या चपलांकडे बघत बसली.

मग दरवर्षी त्या दिवशी कार्यक्रम होऊ लागला. बँड, पुष्पचक्र, भाषणं. हुतात्मा स्मारक समितीचे अध्यक्ष म्हणजे लाकडाच्या वखारीचे मालक. मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा माणूस. त्यांची तिन्ही मुलं वखारीतच बसत, पण देशासाठी मरावं कसं यावर अध्यक्ष तासभर बोलू शकत. पहिल्या रांगेत मधोमध वहिनींची खुर्ची असे. ती साध्या, फिकट कपड्यांत यायची. तसं समितीने आधीच सुचवलं होतं. शेवटी तिला माइकपाशी नेत आणि ती मुख्याध्यापकांनी पढवलेली दोन वाक्यं म्हणायची. "मला माझ्या पतीचा अभिमान आहे. देशाने मागितलं तर पुन्हा देईन." टाळ्या पडत. पुन्हा काय देणार, हे कोणी विचारलं नाही. मूल नव्हतं, आणि नवरा तर एकच होता.

एका वर्षी कार्यक्रम संपल्यावर एक परका माणूस तिच्याकडे आला. डाव्या बाहीला गाठ मारलेली, हात नव्हता. तो मागे दोरीपलीकडे उभा होता. आपण तिच्या नवऱ्याबरोबर पलटणीत होतो असं त्याने समितीच्या माणसाला सांगितलं, तर त्याला "नंतर बघू" असं उत्तर मिळालं होतं.

तिने त्याला घरी नेलं. सासूबाईंसमोर बसून तो म्हणाला, "आई, मला तुमच्या मुलानेच ओढून आणलं. वरून गोळे पडत होते. आम्ही दोघं पुढे जखमी होऊन पडलो होतो, मी आणि आमचा स्वयंपाकी. मला खंदकात टाकून तो स्वयंपाक्याला आणायला परत निघाला. जाताना त्याचे हातपाय लटपटत होते. मला म्हणाला, मला फार भीती वाटतेय रे. आणि गेला."

"भीती वाटतेय म्हणाला?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"आणि तरी गेला?"

"तरी गेला."

म्हातारीने पदराने तोंड झाकलं. इतकी वर्षं भाषणांत तिने ऐकलं होतं, की तो हसत हसत मृत्यूला सामोरा गेला. तो हसणारा तिला कधी ओळखूच आला नव्हता. हा घाबरलेला तिचा होता. लहानपणी अंधारात विहिरीवर जायला घाबरायचा आणि आईला एकटीला जायला नको म्हणून जायचा, तोच हा.

पुढच्या वर्षी सुनेने मुख्याध्यापकांना सांगून पाहिलं की एवढं भाषणात घाला. मुख्याध्यापक अवघडले. म्हणाले, "वहिनी, भीती वगैरे शब्द अशा प्रसंगी बरे दिसत नाहीत. मुलांवर काय संस्कार होतील?" दोन वाक्यं होती तीच राहिली.

ती इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. रक्ताच्या चादरी वेगळ्या भिजवायच्या, अभ्रे वेगळे, ऑपरेशनचे हिरवे डगले वेगळे. वाफेने जीव उबून जायचा आणि हातांची सालपटं निघायची. शेजारच्या खोलीत बॉयलर होता आणि तो सांभाळणारा माणूस नवीनच बदलून आला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, कमी बोलणारा, कानावर कायम पेन्सिल अडकवलेला. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "तुमचं नाव काय?"

"वहिनी म्हणतात सगळे."

"मी कसा म्हणू? मी तुमच्या नवऱ्याला ओळखत नव्हतो. नाव काय?"

तिने सांगितलं. सांगताना स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. त्या दिवसापासून तो तिला नावाने हाक मारायचा, अगदी साधी, वाफ सोडू का हे विचारण्यापुरती. पण त्या हाकेसाठी ती कान देऊन असायची, हे तिचं तिलाच उशिरा कळलं.

दोघांनी लग्न करायचं ठरवलं तेव्हा तिने आधी सासूबाईंना सांगितलं. म्हातारीने हातातलं निवडणं थांबवलं नाही.

"माणूस पितो का?"

"नाही."

"मला ठेवील का घरात?"

"तुम्ही नसाल तर मी जायचीच नाही, असं मी त्याला आधीच सांगितलंय."

"मग माझं काय विचारतेस? माझा मुलगा गेला तो काही परत यायचा नाही. तू का जिवंतपणी पुतळा होऊन बसतेस?"

समितीला कुणकुण लागायला वेळ लागला नाही. एका दुपारी अध्यक्ष, मुख्याध्यापक आणि आणखी दोघं घरी आले. आजवर छप्पर गळताना, म्हातारी महिनाभर तापाने फणफणलेली असताना यांतलं कोणी उंबऱ्याशी फिरकलं नव्हतं.

"वहिनी," अध्यक्षांनी आवाज मऊ केला, "कानावर आलं ते खरं नसावं."

"खरं आहे."

"तुम्ही आमच्या गावाची शान आहात. लोक तुमच्याकडे बघून शिकतात."

"काय शिकतात?"

अध्यक्ष अडखळले. "त्याग. निष्ठा. उद्या गावात एखादी बाई विधवा झाली तर..."

"तर तिनेही कधी लग्न करू नये, असं का?"

"तसं नाही. पण तुमची गोष्ट वेगळी. एवढ्या मोठ्या माणसाची पत्नी, आणि एका बॉयलरवाल्याशी? त्याच्या आत्म्याला काय वाटेल?"

"दादा," ती म्हणाली, "त्याला काय आवडायचं हे तुम्हाला माहीत आहे का? एखादी तरी गोष्ट?"

मुख्याध्यापक भिंतीवरच्या फोटोकडे बघू लागले.

"मग आत्म्याचं राहू द्या," असं म्हणून ती उठली आणि तिने त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या.

लग्न कचेरीत झालं. साक्षीदार म्हणून एका हाताचा तो सोबती आला आणि त्याने सही केली. गावाला त्याचाच जास्त राग आला. मित्र म्हणवतो आणि मित्राच्या बायकोचं लग्न लावतो, असं लोक बोलले. वहिनी म्हणणं एका दिवसात बंद झालं. भाजीवाला आता तिला "काय देऊ?" एवढंच विचारायचा. बायका रस्त्यात दिसल्या की नाक मुरडून पलीकडे जायच्या.

त्या वर्षी कार्यक्रमाचं बोलावणं एकट्या सासूबाईंना आलं. न्यायला गाडी आली. जायचं नाही असं आधी म्हातारी म्हणत होती, मग एकदम तयार झाली. सून दूर, दोरीपलीकडे उभी राहिली. मधली खुर्ची काढून टाकली होती आणि रांग सारून घेतली होती. भाषणं झाली. अध्यक्षांनी म्हातारीला हाताला धरून माइकपाशी आणलं आणि म्हणाले, "वीरमाता दोन शब्द बोलतील."

म्हातारीने माइककडे संशयाने पाहिलं. "माझा मुलगा फार घाबरायचा," ती म्हणाली. "घाबरत घाबरत दुसऱ्याला आणायला गेला. त्याची बायको तिकडे उन्हात उभी केलीय तुम्ही. तिला खुर्ची..."

पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. माइक बंद झाला होता आणि कोणीतरी बँडला हात केला होता. अध्यक्ष हसून लोकांना म्हणाले, वय झालंय. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला पक्कं माहीत झालं की दुःखाने म्हातारीचं डोकं फिरलं. पुढल्या वर्षी गाडी आली नाही.

सासूबाई त्यानंतर थोडीच वर्षं जगल्या. शेवटचे महिने त्या अंथरुणावर होत्या. बॉयलरवाला त्यांना उचलून उन्हात बसवायचा, आणि त्या त्याला मुलाच्या नावाने हाक मारायच्या. तो ओ द्यायचा. त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही.

त्या गेल्या तेव्हा मात्र समिती हजर झाली. पुष्पचक्र, झेंडा, फोटोग्राफर. वीरमातेची अंत्ययात्रा पुतळ्यावरून वाजतगाजत न्यायची असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. बॉयलरवाल्याला त्यांनी फोटोपुरतं बाजूला व्हायला सांगितलं.

"तो बाजूला होणार नाही," ती म्हणाली. "आणि चौकातून जायचं नाही. आम्ही इस्पितळाच्या मागच्या रस्त्याने जाणार. यायचं असेल त्याने मागून चालत यावं."

"हा सगळ्या गावाचा मान आहे," अध्यक्ष कडक आवाजात म्हणाले.

"त्या जिवंत होत्या तेव्हा त्यांचा माइक बंद केलात."

मागच्या रस्त्याने लाँड्रीतल्या बायका आल्या, एका हाताचा सोबती आला, दोन वॉर्डबॉय आले. समितीचं पुष्पचक्र दाराबाहेर राहिलं आणि पुढे कित्येक दिवस तिथेच वाळत पडलं.

त्या वर्षीच्या कार्यक्रमाला समितीने नवे भोंगे लावले. आवाज इस्पितळापर्यंत पोचत होता. ती आवारात चादरींच्या घड्या घालत होती, समोरचं टोक बॉयलरवाल्या नवऱ्याच्या हातात होतं. अध्यक्ष बोलत होते. पत्नीने धीराने साथ दिली, माता पुत्रवियोगात झिजून गेली, असं सांगून त्यांनी आवाज खोल केला. "आज त्या थोर घरात दिवा लावायलाही कोणी उरलेलं नाही. आता हे गाव हेच त्याचं कुटुंब."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तो काही बोलणार होता, पण तिने मान हलवली.

"मी मेलेलीच बरी वाटते त्यांना," ती म्हणाली. "मेलेल्यांना काही मागायचं नसतं ना."

भोंग्यातून बँड सुरू झाला. अजून अर्धा गठ्ठा बाकी होता. तिने पुढची चादर घेतली.