तारेतून येणारी नात

मोहियोद्दीनभाईंची उभी नोकरी वजनमापं खात्यात गेली, दुकानदारांचे तराजू तपासण्यात. निवृत्त झाल्यावर तपासायला घरच उरलं. दोन हजार तीन साली जेद्दाहच्या मुलाने त्यांना कॉम्प्युटर घ्यायला लावला. दुकानदाराने विंडोजची चोरून नक्कल केलेली सीडी फुकट दिली, ती भाईंनी परत केली. चोरीचा माल घरात नको. मग मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी त्यांनी घातली. ती हक्काने फुकट होती, आणि आमच्या हर्सूलमध्ये ती कुणालाच कळत नव्हती.

मुलाला तिकडे मुलगी झाली होती आणि तिचा फोटो ईमेलने यायचा होता. टेलिफोनची वायर दाखवत भाईंनी बायकोला, जैतुनबींना सांगितलं, आपली नात या तारेतून येणार. पण लिनक्स मॉडेमला ओळखच देईना. सायबर कॅफेतून त्यासाठी लागणारे प्रोग्रॅम फ्लॉप्या भरभरून आणल्यावर मॉडेम एकदाचा बोलू लागला. रोज संध्याकाळी असरच्या नमाजनंतर तो नंबर फिरवायचा, किंचाळायचा, जोडणी व्हायची आणि फोटो उतरायच्या आत तुटायची. मी शेजारधर्माने म्हटलं, भाई, विंडोज टाका, सगळं शहर तेच वापरतं. सगळं शहर मापात मारतं तेही मी पाहिलंय, असं म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं.

जैतुनबी फोटोबद्दल एका शब्दाने विचारत नव्हत्या. तेच भाईंना जास्त लागलं. एका संध्याकाळी जोडणी पुन्हा तुटली तेव्हा ते हरले. उद्या ती चोरीची सीडी आणतो, हे सांगायला स्वयंपाकघरात गेले. तिथं त्याच लाइनवरचा दुसरा फोन होता, आणि जैतुनबी रिसीव्हर कानाला लावून उभ्या होत्या.

"रोज या टायमाला तारेत पोरगी लई रडती," त्या म्हणाल्या. "मी जरा समजावलं की गप होती."

दुसरा फोन उचलला की मॉडेमची जोडणी तुटते, हे भाईंना ठाऊक होतं. चूक मात्र ते इतके दिवस लिनक्समध्ये शोधत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला शेजारी बसवून घेतलं. फोटो वरून सावकाश उतरत गेला. आधी कपाळ, मग डोळे, मग हसरे ओठ.

जैतुनबींनी पदर डोळ्यांना लावला. "आज रडत नाय. माझा आवाज वळखती, व्हय ना?"

कुणाच्या तराजूत गुंजभर खोट चालू न दिलेले भाई पडद्याकडे बघत म्हणाले, "व्हय. वळखती."