पोतडीत आठच वस्तू

मुलुंडला एकाच खोलीत राहणाऱ्या विद्याधरकाकांना दुबईच्या भावाने छोटा कॉम्प्युटर पाठवला. बँकेतून आले की ते त्यावर राक्षसाचा खेळ खेळत. खेळातल्या वीराच्या पोतडीत आठच वस्तू मावत. पण रिकामी बाटली, फुटका कंदील, काका काहीच टाकत नसत. म्हणत, "लागेल कधीतरी."

एका रविवारी राक्षसाला मारणारी तलवार अखेर सापडली. पोतडी भरलेली.

"उत्तरा, काय टाकू गं?"

काकू तांदूळ निवडत होत्या. कॉम्प्युटरच्या टेबलाच्या जागी पूर्वी त्यांचा तंबोरा असे.

"मला काय विचारता? तंबोरा देऊन टाकताना विचारलं होतंत?"

काकांचं बोट थांबलं. तेवढ्यात राक्षसाने वीराला गिळलं. काकूंनी ताटातला खडा उचलून खिडकीबाहेर टाकला.