सरकार जामीन राहिलं तेव्हा

शहागंजात आमच्या अण्णांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. कर्ज काढायचं झालं की शेजारचे अत्तरवाले चाचा जामीन राहायचे. आमच्या गल्लीत जामीन राहिलेला माणूस रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसायचा, चहा घ्यायचा, धंद्याची चौकशी करायचा. पाळत म्हणा, माया म्हणा. चाचांचं लोखंडी स्टूल ठरलेलं होतं.

मग बँकेनं सांगितलं, लहान धंद्याला आता सरकारच हमी देतं, जामीन आणायची गरज नाही. चाचांना या वयात कशाला अडकवायचं, म्हणून अण्णांनी त्यांना न विचारताच कर्ज घेतलं. चाचांना ते दुसऱ्याकडून कळलं. त्यांनी यायचंच बंद केलं. अण्णाही समजूत काढायला गेले नाहीत. दोघंही एक नंबरचे हट्टी!

पुढं चाकांच्या बॅगा आल्या, पेट्यांचं गिऱ्हाईक आटलं. अण्णा दुकानात एकटेच बसून राहायचे. हप्ते थकले, पण सरकारच्या हमीनं बँक तरली. अण्णांची चौकशी करायला सरकार थोडंच येणार होतं?

अण्णा शेवटचं शटर ओढत होते, तेव्हा चाचा आले. "मियाँ, बोलना तो था," एवढंच म्हणाले. अण्णांनी चहा सांगितला आणि सवयीनं "बैठो" म्हणाले.

स्टूल आदल्याच दिवशी भंगारात गेलं होतं.