दाराकडे तोंड करून

सळई सुनेच्या हातावर पडली तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. तिचेही. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा हाडाचा आवाज झाला.

मी गुडघ्यांवर होते, डोक्यावर पदर होता आणि प्रार्थना मुलासाठीच चालली होती. डोळे उघडले तर तोच समोर उभा. जालन्याच्या एमआयडीसीत तो रोलिंग मिलमध्ये रात्रपाळी करायचा आणि सकाळी पिऊन घरी यायचा. सळई तिथलीच.

सकाळच्या प्रार्थनेची शिस्त मी घालून दिलेली. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पवित्र शास्त्रातल्या, बायबलातल्या, थोड्या ओळी बोट ठेवून मोठ्यानं वाचायच्या, मग गप्प बसून काल आपण कुणाशी कसं वागलो ते आठवायचं, मग डोळे मिटून प्रार्थना. आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, जागचं उठायचं नाही. दूध उतू गेलं तरी नाही. त्या सकाळी तो चहा मागत होता ते आम्ही दोघींनी ऐकलं होतं. आमेन व्हायचं होतं, म्हणून कुणी उठलं नाही.

दुसरा घाव त्यानं तिच्या डोक्याच्या रोखानं घातला. ती लवंडली म्हणून घाव भिंतीवर बसला आणि पोपडा उडाला.

"बोलाव तुह्या देवाला," तो मला म्हणाला. "आंधळा हाय का तो बी?"

चुलीजवळ बत्ता होता. मी तो उचलून त्याच्या गुडघ्यावर मारला. तो खाली बसला आणि बसल्या जागेवरून त्यानं माझा गळा धरला. मला दिसेनासं झालं. सुनेनं चांगल्या हातानं आंघोळीच्या कढत पाण्याचा तांब्या भरला आणि त्याच्या पाठीवर ओतला, तेव्हा गळा सुटला. आम्ही बाहेर पडून कडी लावली. शेजाऱ्यानं टेम्पो काढला आणि तिला जालन्याच्या दवाखान्यात नेलं. हाताला प्लास्टर बसलं. तोवर गल्लीतल्यांनी त्याला सोडलं होतं. जाताना तो सगळ्यांदेखत सांगून गेला की तिला जित्ती ठेवत नाही.

चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. त्यांनी क्षमेचं सांगितलं आणि पुन्हा पहिल्यासारखी, डोळे मिटून, विश्वासानं प्रार्थना सुरू करा म्हणाले.

"साहेब, तुमच्या घरात सळई न्हाई," मी म्हणाले. ते चहा पिऊन गेले.

प्रार्थना मी सोडली नाही, पद्धत बदलली. एकीनं डोळे मिटायचे, दुसरीनं भिंतीला पाठ लावून दाराकडे पाहत बसायचं. दुसऱ्या सकाळी पाळ्या बदलायच्या. शेजारीण हसली, तुमच्यात देवाला राखण लागती व्हय म्हणाली. सुनेचे डोळे मात्र मिटायलाच तयार नव्हते. पापण्या थरथरायच्या आणि पुन्हा उघडायच्या.

"न्हाई मिटत, आत्याबाई."

"मिट. मी पाहून राह्यले."

उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करताना माझे मोठेमोठे शब्द गळाले. समोर तिचा हात दिसायचा, दार दिसायचं. जे दिसेल त्याच्यासाठीच मागायचे.

प्लास्टर निघालं त्याच सुमारास तो पुन्हा आला. पाळी माझी, दाराकडे पाहायची. गल्लीच्या तोंडाशी तो वळताना दिसला, हातात तीच सळई. मी आमेनची वाट पाहिली नाही. सुनेला दंडाला धरून मागे ओढलं आणि आतून कडी घातली. दार पत्र्याचं. तो हाणत राहिला, पत्रा फाटला आणि त्या फटीतून हात आत घालून तो कडी चाचपू लागला. फाटक्या पत्र्यानं मनगट कापलं गेलं तरी त्यानं हात काढला नाही. मी बोटांवर बत्ता घातला.

"माय," तो ओरडला.

बोटं कडीवरच होती. मी पुन्हा घातला. त्याच्या हातून कडी सुटेपर्यंत घालत राहिले. मागे सून मोठ्यानं प्रार्थना करत होती, डोळे उघडे ठेवून.

तो रक्त गाळत गेला, तो पुन्हा आला नाही. त्या हातानं आता सळई धरवत नाही. वाटूरला कुणाच्या हॉटेलात पाणी भरतो असं ऐकते. रोज सकाळी त्याच्यासाठी मागते, दाराकडे तोंड करून. पत्रा आम्ही ठोकून घेतला. सून माझ्याजवळच राहते.

त्या सकाळी दाराच्या आत आम्ही दोघी होतो, बाहेर तो होता. तिघंही जिवंत आहोत.