तीन बोटांचं माप

मी आज दातांचा डॉक्टर आहे तो भाऊंमुळे. भाऊ म्हणजे कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढं असलेले चिकलठाण्याचे एक विद्यार्थी. मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही, इथंही लिहीत नाही.

कन्नडच्या मराठी शाळेतून मी औरंगाबादला आलो तेव्हा इंग्रजी पुस्तकाचं एक पानही मला धड कळत नव्हतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, मग विचारणार कुणाला? भाऊंनी होस्टेलच्या आपल्या खोलीत मला जागा दिली आणि जबड्याचं एकेक हाड माझ्याच गालावर बोट ठेवून मराठीत शिकवलं. मी पास झालो.

पण आम्ही दातांबद्दल काय शिकायचो आणि स्वतःच्या दातांचं काय करायचो, हे आठवलं की अजून मन कडू होतं. शाळांत पोरांचे दात तपासायला जाताना आमच्यासोबत प्लॅस्टरचा मोठा जबडा आणि हातभर ब्रश असे. दौलताबादच्या पोरांना आम्ही सांगायचो, रात्री ब्रश केल्याशिवाय झोपू नका. आम्ही स्वतः चहा-बिस्किटं खाऊन पुस्तकावर डोकं टेकायचो. तो जबडा आमच्यापेक्षा स्वच्छ होता. दात साफ करण्याचं पहिलं प्रात्यक्षिक एकमेकांवर करायचं ठरलं, तर निम्मा वर्ग त्या दिवशी आजारी पडला. पेशंटनं तोंड दाखवायला लाजू नये असं परीक्षेत लिहिणारे आम्ही, वर्गमित्रापुढं तोंड उघडायचं म्हटलं की मेल्याहून मेल्यासारखे व्हायचो. एखाद्याची दाढ किडलेली निघाली तर ती थट्टा त्याला वर्षभर पुरायची.

भाऊ गुटखा खायचे. ते एकटेच नव्हते. ओपीडी संपली की मागच्या टपरीवर ॲप्रनच्या खिशांतून पुड्या निघायच्या. पेशंटला तंबाखू सोडायला सांगावं तर भाऊंनीच. शेंद्र्याचा एक कामगार त्यांचं ऐकता ऐकता रडला होता. त्याला निरोप देऊन भाऊ सरळ टपरीवर गेले.

गुटख्यानं तोंड आतून आखडत जातं, हळूहळू उघडेनासं होतं. ते पाहायची साधी रीत आहे. आपलीच तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये घालायची. मावली तर ठीक. ही रीत मला भाऊंनीच शिकवली होती. एकदा खोलीत पोरं जमली असताना कुणीतरी गंमत म्हणून सगळ्यांना बोटं घालायला लावली. भाऊंची दोनच गेली.

"अबे, बोटंच जाडी हैत माझी," ते म्हणाले. सगळे हसले. आपण कशाला हसतोय हे त्यांतल्या एकूण एकाला कळत होतं.

पोरं गेल्यावर मी म्हणालो, "भाऊ, उद्या सरांना दाखवू. मी येतो सोबत."

"माझ्याकडूनच शिकला, आन् आता मलाच तपासायला लागला व्हय? तुझं पहिलं वर्ष कुणी काढलं रे?"

"तुम्हीच. म्हणून तर बोलतोय."

"मंग गप ऱ्हा. सर बघतील, ओपीडीतला शिपाईमामा बघंल, सांजच्याला कॉलेजभर होईल. नाय जमणार."

त्यांचं खोटं नव्हतं. कॉलेजभर झालंच असतं. त्या इमारतीत ओळीनं खुर्च्या होत्या, पण आमच्यातल्या कुणाला निर्धास्त तोंड उघडता येईल अशी एकही नव्हती. मला भाऊंपेक्षा याचा राग जास्त आहे.

त्यानंतर ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागले. पुढं मी पदवी घेतली, दवाखाना टाकला. काही वर्षांनी भाऊ एका मित्राच्या लग्नात दिसले. ओठ न हलवता बोलल्यासारखं बोलत होते. घरी आल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं, ते असं:

भाऊंना नमस्कार.

लग्नात तुम्ही पुरी वरणात भिजवून खाल्ली आणि तिखट रश्शाला हात लावला नाही, ते मी पाहिलं. रागवा माझ्यावर. पण गालात आत काही पांढरं, काही जखम आहे का, हे कुणीतरी बघायलाच हवं. तुम्ही आरशात बघितलंत तरी स्वतःला खरं सांगणार नाही. तोंड पूर्वीसारखं उघडेल असं मी म्हणत नाही, तुम्हाला ते माझ्याहून जास्त कळतं. पुढचं कदाचित थांबवता येईल. रविवारी माझा दवाखाना बंद असतो, मी एकटाच असेन. केसपेपर काढणार नाही. मागच्या गल्लीतून एक दार आहे. तिकडून आलात तर रस्त्यावरचंही कुणी बघणार नाही.

तुमच्या खोलीतला धाकटा